लाल उतरवलेली खोली

ज्ञानेश गेल्यापासून यशोदाबाईंनी वरच्या मजल्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. सुनेशी बोलायचं असलं की त्या जिन्याच्या तळाशी उभ्या राहत, कठड्यावर हात टेकत आणि आवाज वर पाठवीत. आवाजाला गुडघे नसतात. तो मधला मजला ओलांडून, तिथल्या भाडेकरू पोरांच्या बुटांच्या ढिगावरून वाट काढत यायचा आणि उंबऱ्याशी न थांबता आत शिरायचा.

"चितारीणबाई, पानी भरून घ्या! नळ तुमच्या फुलांसाटी थांबनार न्हाई."

 विजयश्री ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवी, चिंधीला पुसे आणि सावकाश बादली घेऊन खाली उतरे. नळापाशी दोघींच्या बादल्या शेजारी उभ्या राहत. त्या दोघी नाही. सुनेला नावाने हाक मारणं सासूने तेराव्यानंतर सोडून दिलं होतं, आणि सुनेने 'आई' म्हणणं. ज्याच्यामुळे ही नाती होती तो माणूस चाकणच्या रस्त्यावर पहिल्या शिफ्टला जाताना एका कंटेनरखाली संपला, आणि त्याच्या मागे दोन बायका एकाच छताखाली, एकमेकींच्या कोणी नसल्यासारख्या उरल्या.

पुनावळ्यातलं ते तीन मजली घर शेत विकलं त्या वर्षी उभं राहिलं होतं. तेव्हा ते वाडीतलं सर्वांत उंच घर होतं. आता भोवतीच्या इमारतींनी त्याला असं घेरलं होतं, की दुपार कलायच्या आत घरावर परक्या बाल्कन्यांची सावली पडे, आणि हायवेची घरघर भिंतींत मुरलेल्या ओलीसारखी कायम असे. तळमजल्यावर यशोदाबाई आणि धाकटा गणराज. मधल्या मजल्यावर कंपनीतली पोरं भाड्याने. आणि वर ही खोली, गच्चीला लागून, जिच्यात ज्ञानेश आणि विजयश्रीने संसार मांडला होता. मूल झालं नाही. कायद्याने तिला घरात हिस्सा होता, असं ती शिकवायची त्या शाळेतल्या बायका सांगत; पण हिस्सा म्हणजे दार आतून लावता येईल अशी जागा नव्हे. तशी जागा ही एवढीच होती.

खोलीत भिंतभर एक कपाट होतं. चाकणच्या कारखान्यांना परदेशातून मशिनं येतात, ती पाइनच्या खोक्यांतून. मशिनं आत गेली की खोकी चिखलीला कुदळवाडीत येऊन फुटतात. तिथल्या ज्योतीराम सुताराकडून ज्ञानेशने त्याच फळ्यांचं हे कपाट करवून घेतलं होतं. दारं उघडली की आतल्या अंगाला अजून काळे शिक्के दिसत: छत्री, पेला, वर रोखलेले दोन बाण. भिजू देऊ नका, आदळू नका, उलटं करू नका. 'लग्नात भटजींनी एवढंच सांगितलं असतं तरी पुरलं असतं,' ज्ञानेश म्हणाला होता.

दारांच्या बाहेरच्या अंगाला मात्र आता लाकूड दिसत नव्हतं. तिथे एक दुसराच देश उगवला होता, आणि तो सबंध निळा होता.

ज्ञानेशच्या कंपनीने त्याला काही वर्षं नेदरलँडला पाठवलं होतं, उत्तरेकडे, फ्रीसलंडमध्ये. विजयश्रीकडे तिथे काम नव्हतं, भाषा नव्हती. नुसता वारा होता आणि सपाट प्रकाश. शेजारच्या हिंडेलोपन नावाच्या गावात आफके नावाची एक म्हातारी लाकडावर रंगकाम शिकवायची. त्या गावात जुन्या काळी घरातलं काही कोरं ठेवायची रीत नव्हती. कपाट, खुर्ची, पाळणा, पेटी, बर्फावरून ओढायची गाडी, सगळ्यावर वळणदार पानं, गुलाब, लांब शेपटांचे पक्षी. पुरुष जहाजांवर असत आणि घरी बायका. त्या बायकांचे लांब झगे हिंदुस्थानातून गेलेल्या छापील कापडाचे असत, हे आफकेने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, पाहुणीला तिच्याच माहेरची खबर द्यावी तसं.

पान एका दमात ओढायचं. हात आधाराच्या काठीवर टेकवायचा, ब्रश भरून घ्यायचा, आणि देठापासून टोकापर्यंत थांबायचं नाही. मध्ये ब्रश उचलला की पान मेलं, आफके म्हणायची. आणि हेही म्हणायची, की घरातलं माणूस गेलं की लाल उतरवायचं. अंगावरून उतरवायचं आणि लाकडावरूनही. मग निळं आणि पांढरं. दुःख विरत जाईल तसं लाल पुन्हा थोडं थोडं चढू द्यायचं. आणि ते ज्याचं दुःख, त्याच्याच हाताने. विजयश्रीला हा नियम शिकवावा लागला नाही. तिच्याही मुलखात माणूस गेलं की सगळ्यांत आधी लालच उतरतं.

म्हणून गेल्या वर्षभरात, वाकडच्या शाळेत चित्रकलेचे तास घेऊन परतल्यावर, तिने थोडी थोडी करत ही खोली निळी केली. आधी कपाटाची दारं, मग पलंगाची पाठ, खिडकीची चौकट, स्टूल, आरशाची फळी, शेवटी भिंतीसुद्धा. गडद निळ्यावर फिकट निळं, फिकट निळ्यावर पांढऱ्याची धार. लाल रंगाची नळी डब्यात तशीच पडून होती, बूच न उघडलेली. तिला रडणं जमलं नव्हतं. तिने पानं ओढली.

खालून मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल असं येई: "माज्या पोराला जाऊन वरीस न्हाई झालं, अन् हिला फुलं सुचत्यात."

तिने कधी खुलासा केला नाही. खुलासा करणं म्हणजे परवानगी मागणं.

घरात माणूस गेलं तर वर्षाच्या आत लग्न उरकावं, नाहीतर तीन वर्षं मांडव घालता येत नाही, हा यशोदाबाईंच्या माणसांचा नियम होता, आणि नियमाच्या बाबतीत त्याही सुनेइतक्याच कडक होत्या. वर्षश्राद्ध तोंडावर आलं तसं गणराजचं लग्न ठरलं. मुलगी चिखलीची; करिष्मा; चाकणच्या एका कंपनीत ऑफिसला. आणि नव्या जोडप्याला खोली हवी. एक दिवस जिन्यातून आवाज आला.

"वरची खोली पोरांना द्यायची हाय. तू धान्याच्या खोलीत ये. खिडकी हाय तिला."

धान्याची खोली स्वयंपाकघराच्या मागे होती. शेत गेल्यापासून तिच्यात धान्य नव्हतं. जुने पिंप होते, गणराजच्या गाडीचे टायर होते, आणि डोक्याच्या वर हातभर उंच एक झरोका, ज्याला यशोदाबाई खिडकी म्हणत.

"मी खोली सोडणार नाही," विजयश्री वरूनच म्हणाली.

"तुला इचारलं कोनी? सांगितलं."

मुलीकडची माणसं घर बघायला आली ती एका रविवारी सकाळी. करिष्मा आणि तिची आई, जयमाला. चहा झाला, पोहे झाले, आणि मग ज्या गोष्टीवर विजयश्रीचा विश्वास बसला नसता ती झाली: यशोदाबाई जिना चढल्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, पाहुण्यांच्या पुढे, आपल्या घराच्या मालकिणीसारख्या. मागून गणराज, कानकोंडा.

विजयश्री खिडकीशी उभी होती. तिने दार लावून घेतलं नव्हतं. त्यांनी बघावं आणि दचकावं, असं तिच्या मनात कुठेतरी होतं. वर्षभराचं सुतक भिंतीवर मांडलेलं असताना कोण आपली मुलगी आत निजवील?

"अगंबाई!" जयमाला उंबऱ्यातच थांबली. "ही खोली आहे का म्युझियम? करिष्मा, बघ गं. आपल्याकडे वाकडच्या त्या मोठ्या हॉटेलातसुद्धा असं नाही."

"ओ माय गॉड. हे हातानं केलंय?" करिष्माने फोन काढला होता. "गणराज, तू सांगितलं नाहीस मला. घरात एवढं भारी काम चालू आहे आणि हा मला पडद्यांचे फोटो पाठवतोय!"

"मला काय माहीत तुला आवडेल," गणराज पुटपुटला. त्याने वहिनीकडे पाहिलं नाही.

"आवडेल? आपण दुसरं काही करायचंच नाही इथं. पडदे पांढरे, बस्स." करिष्मा कपाटापाशी गेली आणि तिने डाव्या दारावरच्या पक्ष्याच्या शेपटीवरून बोट फिरवलं, देठापासून टोकापर्यंत, न थांबता, जणू कोणी तिला शिकवलं होतं. "ताई, एक विचारू? सगळं निळंच का पण? एखादं लाल फूल असतं तर काय उठून दिसलं असतं."

  शब्द विजयश्रीच्या जिभेवर तयार होता. दुखवटा. एवढाच म्हणायचा होता, आणि ही माणसं दुसरा चहा न घेता जिना उतरली असती. खोली तिची राहिली असती. तिने सासूकडे पाहिलं.

यशोदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या करिष्माकडे बघून हसल्या.

"निळाच आवडतो तिला. अन् ही सगळी तुमच्यासाटीच रंगवलीया बरं का. नव्या जोडप्याची खोली म्हनून. वरीसभर राबली बिचारी. म्हनली, धाकट्या जावंला रिकाम्या भिंतीत कशी बसवू?"

जयमालाचे डोळे भरून आले. ती पुढे आली आणि तिने विजयश्रीचे दोन्ही हात धरले. त्या हातांना रंगातल्या जवसाच्या तेलाचा वास होता. "एवढं दुःख पोटात घेऊन दुसऱ्याच्या संसारासाठी फुलं काढलीत. देव तुमचं भलं करील हो."

विजयश्रीने हात सोडवून घेतले. करिष्मा अजून पक्ष्याजवळ उभी होती, आणि तिचं बोट शेपटीच्या टोकावर, जिथे पांढरी धार संपते तिथे, थांबलं होतं. या मुलीने काही केलं नव्हतं. तिला एक खोली आवडली होती. शब्द जिभेवरून मागे फिरला.

पाहुणे उतरले. गणराज त्यांना सोडायला गेला. यशोदाबाई मात्र खाली गेल्या नाहीत. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, धाप टाकत, गुडघे चोळत.

"चढले का न्हाई? तुला वाटलं हुतं म्हातारी चढत न्हाई."

"तुम्ही खोटं बोललात."

"बोलले. तू खरं बोलायचं हुतंस की. तोंड हुतं तुला."

"त्या मुलीला कशात निजवताय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठावं हाय."

"नाही ठाऊक. हे फुलं-पानं नाहीत. हा—"

"सुतक हाय," यशोदाबाई म्हणाल्या. "निळं म्हंजी सुतक. लाल उतरलं की निळं. तुज्या त्या गोऱ्या म्हातारीचा कायदा. मला काय येडी समजतीस?"

खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी मागे येताना कोकलत होती. विजयश्रीला टेकायला भिंत लागली, आणि तीही निळी निघाली.

यशोदाबाईंनी कनवटीला हात घातला आणि मिश्रीची डबी काढून पलंगावर ठेवली. लाकडी, गोल, तळहातात मावेल एवढी. झाकणावर निळं-पांढरं एक पान आणि त्याच्या कुशीत एक गुलाब. झाकणाच्या कडा वर्षानुवर्षांच्या बोटांनी झिजल्या होत्या, आणि गुलाब मिश्रीने काळवंडला होता.

विजयश्रीने तो हात ओळखला. तो तिचा होता, कच्चा, शिकाऊ. पान टोकाशी किंचित थरथरलं होतं.

"पहिल्या सुट्टीत आला तवा पेटी उघडली त्यानं," यशोदाबाई म्हणाल्या. आता आवाज वर पाठवायचा नव्हता, म्हणून तो हळू होता, आणि हळू असल्याने अधिक कठीण. "तुज्या आयशीला लाल तबक. तुज्या भावजयीला लाल. शेजारच्या कुसुमताईला सुदिक लाल डबा, पक्षी काढल्याला. अन् मला हे. मी म्हनलं, ज्ञाना, मला रं निळं का? तर म्हनतो कसा, आई, तिकडं नवरा गेल्याली बाई निळं वापरती. विजूनं मुद्दाम तुज्यासाटी काढलं."

"मी... तो त्यांचा नियम आहे. मान म्हणून—"

"मान!" त्या हसल्या. "मुद्दाम, म्हनला त्यो. मुद्दाम."

हे खरं होतं. तिने आफकेला विचारलं होतं, 'विधवा सासूसाठी कोणता रंग?' आणि आफकेने क्षणभर तिच्याकडे पाहून उलट विचारलं होतं, 'त्यांचं दुःख अजून ताजं आहे का?' त्या प्रश्नाचं उत्तर विजयश्रीकडे नव्हतं. चिमाजी, तिचे सासरे, तिच्या लग्नाच्या कितीतरी आधी गेले होते. सासूचं कपाळ तिने पहिल्यापासून मोकळंच पाहिलं होतं, आणि दार जसं दार असतं तसं ते तिला मुळातलंच वाटलं होतं. तिने निळा कालवला. चूक होऊ नये म्हणून अगदी काळजीपूर्वक, नियम पाळल्याच्या समाधानात.

"आमचं मालक गेलं तवा गावानं माजं लाल पुसलं," यशोदाबाई म्हणाल्या. "एकदा. तू साता समुद्रापल्याड बसून परत पुसलंस. अन् ते बी माज्याच लेकाच्या हातानं."

"तरी वापरलीत की डबी. इतकी वर्षं."

"का न्हाई वापरनार? लेकानं आनली हुती."

 मग यशोदाबाई उठल्या. डबी त्यांनी पुन्हा कनवटीला लावली.

"मला ज्या रंगात बशिवलंस, त्यातच तू येऊन बसलीस. बस. माजं काय म्हननं न्हाई. पन ह्या खोलीत न्हाई. कुटंतरी लाल लाव, चार बोटं. म्हंजी सुतक फिटलं, पोरीला दोष न्हाई, अन् खोलीवर तुजा हक बी न्हाई."

"लावणार नाही."

"मंग मी लावीन."

लग्नाला वाट मोकळी व्हावी म्हणून वर्षश्राद्ध तिथीच्या आधीच उरकलं. कावळा पिंडाला लवकर शिवला, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, विजयश्री सोडून. एवढ्या घाईने तृप्त झालेल्या माणसावर तिला राग आला. त्यानंतरच्या सकाळी, शाळेला सुट्टी होती, ती टेबलाशी ब्रश धूत बसली होती. जिन्यावर पावलं वाजली. प्रत्येक पायरीला दोन.

यशोदाबाईंच्या एका हातात डबा होता, दुसऱ्यात रुंद, राठ केसांचा ब्रश. फाटकाची जाळी रंगवून उरलेला रेड ऑक्साइड. गणराजच्या माणसांनी तो जिन्याखाली टाकला होता.

"हा रंग गंज धरू नये म्हणून लोखंडाला लावतात," विजयश्री म्हणाली.

"मंग बराबर हाय. गंजच चढलाय हितं."

त्यांनी डबा स्टुलावर ठेवला, निळ्या स्टुलावर. झाकण निघेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि विजयश्रीने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे सरकवला. ही मदत नव्हती. झाकण उघडलं, रंगावर जाड साय धरली होती. ब्रशच्या दांड्याने त्यांनी ती फोडली. खालचा रंग गेरूसारखा होता, ताज्या शेणावर ओढतात तसा.

"एक ऐका," विजयश्री म्हणाली. ती उठली नाही. "तुम्हाला त्यांचा कायदा माहीत आहे ना? मग पुरता माहीत असू द्या. लाल वाटेल त्याने लावायचं नसतं. ज्याचं दुःख संपलं, त्यानेच लावायचं. माझं संपलेलं नाही. तुमचं संपलं असेल, तर लावा."

यशोदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा, सरळ. त्या चेहऱ्यावर एवढा तिरस्कार होता, की त्याच्या उजेडात त्यांचं वय दिसेनासं झालं.

"मला शिकवतीस? मी पोटचं पोर जाळलंय. तू दुसरा करशील. मी कुटनं आनू?"

"मी दुसरा करणार नाही."

"कर न्हाईतर नगं करू. वाट तर हाय तुला."

आणि त्यांनी ब्रश बुडवला. डाव्या दारावरच्या पक्ष्याच्या मानेवर तो टेकला, आणि खाली ओढला. रंग जास्त झाला होता. पक्ष्याची मान, छाती, खालचं पान, पानाच्या कडेची पांढरी धार, सगळ्यावरून एक जाड, ओला पट्टा उतरला, आणि त्याच्या टोकातून ओघळ निघाले. सरसर, न थांबता ते खाली धावले. विजयश्रीच्या नखांनी टेबलाची कड धरली. 

दाराला खिटी नव्हती. ब्रशच्या रेट्याने ते आधी आत दबलं, आणि सोडल्यावर करकरत, स्वतःच्याच वजनाने उघडत गेलं.

आत काळी छत्री, पेला, वर रोखलेले बाण. आणि दांडीवर ज्ञानेशचे कंपनीचे शर्ट. राखाडी, इस्त्रीचे, एकाच दिशेला तोंड करून. खिशांवर लाल दोऱ्याने भरलेलं नाव.

यशोदाबाईंच्या हातातला ब्रश तसाच उंच राहिला. त्यातून एक थेंब फरशीवर पडला. या खोलीत त्या वर्षभर आल्या नव्हत्या त्याला कारण गुडघे नव्हते, हे विजयश्रीला त्या क्षणी कळलं, आणि कळूनही तिच्या मनात काही वितळलं नाही. तिला एवढंच वाटलं, की आता हिला दिसलं. बरं झालं.

"हे... ठिवलंयस व्हय अजून," यशोदाबाई म्हणाल्या.

"ठेवलंय."

"इस्त्री कोन करतं?"

"मीच करते."

"घालायला कोनी न्हाई, अन् इस्त्री."

"हो."

यशोदाबाईंनी हात पुढे केला. बोटं नावापर्यंत गेली नाहीत. त्यांना रंग लागला होता, आणि शर्टाला तो लागला असता. हात मागे आला. मग त्यांनी दार लोटलं. पट्टा पुन्हा समोर आला, ओला, लाल, पक्ष्याच्या छातीवर. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. ब्रश डब्यात टाकला. आणि त्यांनी पदर ओढून घेतला, त्या फिकट, राखेच्या रंगाच्या लुगड्याचा, आणि दार पुसायला लागल्या.

त्या जोराने पुसत होत्या, परात घासावी तशा. लाल पदरावर येत गेलं. खालचं निळं वर्षभराचं वाळलेलं होतं, ते हललं नाही. पक्षी पुन्हा दिसू लागला. मान, छाती, पान. लाकडाच्या शिरांमध्ये मात्र थोडं लाल अडकून राहिलं, बारीक, केसाएवढं, जवळ गेल्याशिवाय न दिसणारं. ते काढायला त्यांनी नखाने खरवडलं. निघालं नाही.

"मधल्या मजल्यावरची पोरं उठिवते," शेवटी त्या दाराशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "गणराज तितं ऱ्हाईल. त्याच्या सासूला मी सांगते, वर पत्र्याची झळ लागती म्हनून."

"वर पत्रा नाही."

"नसंना का."

 खोली विजयश्रीची राहिली होती. आनंद असा काही आला नाही. नुसता खांद्यांतला ताण एक अंगुळ खाली उतरला.

"पन आइक." यशोदाबाई वळल्या. "माज्या ताटाला हात लावायचा न्हाई तू. माजं पानी भरायचं न्हाई. मी मेले तर माज्या अंगावर तुज्या हातचं काय बी घालायचं न्हाई. ना निळं, ना लाल."

"नाही घालणार."

"बरं."

त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथे त्यांची नजर पदरावर गेली. काठाला लागून हातभर पसरलेला तो डाग. त्यांच्या अंगावर लाल आलं होतं. ज्या दिवशी गावाने पुसलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. त्यांनी पदर दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला.

"निघंल का हे?"

टेबलावर टर्पेंटाइनची बाटली उघडी होती. शेजारी स्वच्छ चिंधी. डाग ओला होता. दोन हातांत निघाला असता. खोलीभर त्याच बाटलीचा वास होता, आणि हा वास वर्षभर जिना उतरून खाली जात होता, आणि फाटकाला रंग देणारी माणसं यशोदाबाईंच्या अंगणात त्यानेच हातांवरचा रंग काढत होती.

"नाही," विजयश्री म्हणाली. "निघत नाही."

यशोदाबाईंनी बाटलीकडे पाहिलं. मग सुनेकडे. 

"न्हाई ना," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदर कमरेला खोचला, डागाची बाजू बाहेर ठेवून, आणि कठडा धरून खाली उतरू लागल्या. प्रत्येक पायरीला दोन पावलं. मधल्या मजल्यावर त्या थांबल्या. तिथून आवाज आला, नेहमीचा, सगळ्या जिन्याला पुरून उरणारा. पण तो या खेपेला वर आला नाही. तो भाडेकरू पोरांच्या दारावर आदळला.

"उठा रं! बुटं उचला हितली. खोली रिकामी करायची हाय."